थॉमंड पार्कची शांतता राखायची कुणी? (मन्स्टर रग्बी)

शॅननकाठची

मन्स्टरच्या सामन्यांना जाणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्लंडमधल्या लिमरिकचं थॉमंड पार्क हे मन्स्टर रग्बी संघाचं घरचं मैदान. तिथे गोलपोस्टांमधून किक मारणारा किकर चेंडू टीवर (चेंडू उभा ठेवायच्या छोट्या बैठकीवर) ठेवून मागे सरकला की सगळं मैदान गप्प होतं. आपला किकर असो वा समोरच्या संघाचा, दोघांनाही तीच शांतता. 25,000 हून जास्त माणसं बसतात तिथे, गोलपोस्टांमागे उभ्याने बघणारे टेरेस तर एरवी कान किटवतात, आणि त्या मिनिटात पलीकडच्या स्टँडमधलं तान्हं बाळ रडलेलं ऐकू येतं. चेंडू उडाला की पुन्हा गदारोळ. मला या क्लबाचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे. रग्बीचे नियम मी नंतर शिकले.

गेल्या सीझनला मात्र आमच्या मागच्या रांगांतून पाहुण्या किकरला शिट्ट्या सुरू झाल्या. एखादवेळी कुणाच्या तोंडून आवाज निघतो, ते समजू शकते. हे दर किकला चाललं होतं. पुढच्या रांगेतल्या एक आजी मागे वळून नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यापुरतं थांबलं आणि पुढच्या पेनल्टीला परत तेच.

मला विचारायचंय ते असं: हे थांबवायचं कुणी? स्टुअर्डनी (मैदानावर प्रेक्षकांची व्यवस्था बघणाऱ्यांनी)? शेजारच्याने? की जमाना बदलला म्हणून आपण सोडून द्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. ही प्रथा गेली तर थॉमंड पार्क इतर कुठल्याही स्टेडियमसारखं होईल. तुमचं सांगा.

---

कॉर्ककर

पूर्ण सहमत. फक्त एक दुरुस्ती, ही प्रथा लिमरिकच्या एकट्या मालकीची नाही. आमच्या कॉर्कच्या मसग्रेव्ह पार्कलाही तेवढीच शांतता असते. मैदान लहान, त्यामुळे किकरच्या बुटाचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

---

पाचमीटर

आली कॉर्क-लिमरिकची जुगलबंदी! पहिल्याच प्रतिसादात! :)

---

डब्लिनचा_गण्या

लेन्स्टरवाला आहे (डब्लिनचा संघ, तुमचा प्रतिस्पर्धी), धाग्यात यायला परवानगी असावी.

थॉमंडला मी निळा मफलर घालून गेलो आहे. दोन्ही बाजूंना लाल जर्सीतले लोक. रग्बीत समर्थकांना वेगळं बसवत नाहीत हे मला आयर्लंडमध्ये आल्यावर पहिल्यांदा कळलं. आमचा किकर उभा राहिला तेव्हा शेजारच्या काकांनी स्वतःच्या नातवाच्या तोंडावर हात ठेवला. किक गेली आत. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "गुड किक." ते मी विसरणार नाही. शिट्ट्या सुरू झाल्या असतील तर मलाही वाईट वाटेल, आणि मी तर तुमचा शत्रुपक्ष.

---

लाइनआऊट

मला वेगळं वाटतं. फ्रान्समध्ये पाहुण्या किकरला सर्रास शिट्ट्या घालतात आणि तिथलं वातावरण कमी रंगतदार नसतं. फुटबॉलमध्ये पेनल्टीला कुणी गप्प बसतं का? तिकीट काढून आलेल्या माणसाने कधी ओरडायचं आणि कधी नाही, हे दुसऱ्याने का ठरवावं? आदर वगैरे ठीक, पण व्यावसायिक खेळाडू आहेत ते, पगार घेतात. शिट्टीने बिथरत असतील तर तो त्यांचा प्रश्न.

आणि खरं सांगू का, स्टेडियम अर्धं रिकामं असताना शांततेची चर्चा करण्यापेक्षा आवाज कसा वाढेल याची करायला हवी.

---

एनिसकाका

लाइनआऊट, तुमचा मुद्दा तरुण माणसाचा आहे आणि तो मांडलात हे चांगलंच केलंत. पण या शांततेला तुम्ही नुसतं सौजन्य समजताय, तिथे मी अडतो.

मी क्लेअर काउंटीत डॉक्टर म्हणून आलो तेव्हा इथे व्यावसायिक रग्बी नवीन होती. हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, 1995 ला सुरू झाला. तेव्हापासून थेट जानेवारी 2007 पर्यंत मन्स्टर त्या स्पर्धेत थॉमंड पार्कवर एकदाही हरलं नव्हतं. लेस्टरने येऊन तो विक्रम मोडला. इतकी वर्षं इंग्लंड-फ्रान्सचे बलाढ्य संघ येत आणि हात हलवत परत जात. त्यांच्या किकरसाठी तो एक मिनिट सगळ्यात अवघड असे. शिट्ट्या असल्या की माणूस कान बंद करून घेतो, त्याची त्याला सवय असते. तिथे मात्र त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा, आणि हजारो माणसं आपल्याकडे बघताहेत हे कळत असायचं. त्या शांततेत आदर होता आणि दडपणही होतं, दोन्ही एकाच वेळी.

दुसरं म्हणजे ती आपल्या माणसासाठीही असते. 18 जानेवारी 2003, त्याच स्पर्धेतला ग्लॉस्टरविरुद्धचा सामना. पुढच्या फेरीत जायचं तर चार ट्राय आणि किमान 27 गुणांनी विजय हवा होता. अशक्यच म्हणत होते सगळे. शेवटाला जॉन केलीने चौथी ट्राय टाकली तेव्हा फरक झाला 25. कन्व्हर्जन आत जाणं भाग होतं. रोनान ओ'गाराने चेंडू ठेवला आणि मैदान थिजलं. किक आत. 33-6. बरोब्बर 27.

त्या दिवशी एकाने जरी शिट्टी घातली असती तर? प्रत्येक पाहुण्या किकरच्या वेळी गप्प बसलेल्या माणसांनाच आपल्या किकरसाठी गप्प बसता येतं. सवय एकच असते, ती दोन तुकड्यांत ठेवता येत नाही.

---

शॅननकाठची

काका, शेवटची दोन वाक्यं माझ्या मागच्या रांगेला वाचून दाखवायला हवीत.

---

मीरा_कोल्हापूर

मी नुकतीच नवऱ्याच्या नोकरीमुळे कॉर्कला आलेय. रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. वाचायला मजा येतेय, पण ट्राय, कन्व्हर्जन, पेनल्टी यातला फरक सांगाल का कुणीतरी? आणि मन्स्टर हे शहराचं नाव आहे का?

---

पाचमीटर

मीराताई, स्वागत. मन्स्टर हा आयर्लंडच्या नैर्ऋत्येचा प्रांत. कॉर्क, लिमरिक, केरी, क्लेअर, टिपरेरी, वॉटरफर्ड या सहा काउंटी. बाकीचे तीन प्रांत लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट. प्रत्येकाचा एकेक व्यावसायिक संघ.

ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं, 5 गुण. त्यानंतर पोस्टांमधून मारायची किक ती कन्व्हर्जन, 2 गुण. समोरच्यांनी नियम मोडला तर पेनल्टी किक, 3 गुण. चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा घेतल्याबरोबर पोस्टांमधून मारला तर ड्रॉप गोल, तेही 3. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, फक्त बाजूला किंवा मागे. एवढ्यावर पहिला सामना बघता येतो.

---

जुना_फॉरवर्ड

मीराताई, आणि टॅकल म्हणजे कबड्डीतली पकड समजा, फक्त रेडर धावत येतो आणि शंभर किलोचा असतो. कोल्हापूरकरणीला लगेच कळेल.

मी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळलो. मुंबईची रग्बी पावसाळ्यातली, कारण कोरड्या दिवसांत मैदानावर क्रिकेटचा हक्क. चिखलात स्क्रम (दोन्ही संघांचे फॉरवर्ड डोकी घालून एकमेकांना रेटतात ते) लावायचे आमचे दिवस. तेव्हा मन्स्टरचे सामने बघायला मिळत नसत, एका आयरिश पाहुण्याने दिलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आम्ही 1978 चा सामना पाहिला होता आणि वेडे झालो होतो. त्याच्यावर इथे अजून कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

---

एनिसकाका

1978 वर मी मुद्दाम थांबलो होतो, कारण एकदा सुरू झालं की थांबत नाही. विषय काढलातच तर ऐका.

31 ऑक्टोबर 1978. न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स ब्रिटन-आयर्लंडच्या दौऱ्यावर. त्या दौऱ्यात त्यांनी आयर्लंड, वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड या चौघांना हरवलं. हरले ते फक्त थॉमंड पार्कवर, मन्स्टरकडून, 12-0. एकही गुण मिळाला नाही त्यांना. प्रशिक्षक टॉम किरनन. क्रिस्टी कँटिलनची ट्राय, टोनी वॉर्डचं कन्व्हर्जन आणि दोन ड्रॉप गोल. बाकी सगळा खेळ टॅकलचा. शेमस डेनिसनने सुरुवातीलाच स्टू विल्सनला असा आडवा केला की आजही लिमरिकमध्ये म्हातारे लोक त्याचा आवाज तोंडाने काढून दाखवतात. आणि सामना चालू असतानाच कर्णधार डोनल कॅनिफ यांचे वडील वारले. त्यांना ते सामना संपल्यावर कळलं.

मैदानात माणसं होती 12,000 च्या आसपास. मी तिथे होतो असं सांगणारे मला एकट्या एनिसमध्ये तेवढे भेटलेत.

---

कॉर्ककर

काका :D माझे घरमालकही होते त्या सामन्याला. त्यांचा जन्म 1975 चा.

---

डॉ_लालमफलर

1978 च्या त्या संघात दुसऱ्या रांगेत ब्रेंडन फोली होते. त्यांचा मुलगा अँथनी. 2006 ला मन्स्टरने पहिल्यांदा हायनेकेन कप जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता. बापाने ऑल ब्लॅक्सना हरवलं, लेकाने कप आणला, दोघेही लिमरिकच्या शॅनन क्लबाचे. या क्लबाकडे लोक कशामुळे ओढले जातात याचं उत्तर मला या एका घरात मिळतं.

2006 आधीचा काळ नव्या लोकांनी जरूर वाचावा. 2000 च्या अंतिम फेरीत नॉर्थॅम्प्टनकडून 9-8 ने हार, ओ'गाराची शेवटची पेनल्टी बाहेर गेली. 2002 ला लेस्टरकडून 15-9, आणि त्यात शेवटच्या क्षणी आपला स्क्रम होता, पीटर स्ट्रिंगर चेंडू आत घालणार तोच लेस्टरच्या नील बॅकने हाताने तो उडवला. रेफरीला दिसलंच नाही. दोन्ही वेळा रडत परतलेली तीच माणसं 2006 ला कार्डिफला गेली. बिआरित्झविरुद्ध स्ट्रिंगरने स्क्रमच्या बंद बाजूने एकट्याने पळत जाऊन ट्राय टाकली. खेळ थांबला असताना स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर लिमरिकचा ओ'कॉनेल स्ट्रीट दाखवला, रस्ता माणसांनी लाल. मैदानावरचे खेळाडू वर बघत राहिले. 23-19. दोन वर्षांनी तुलूझला 16-13 ने हरवून परत कप, तेव्हा कर्णधार पॉल ओ'कॉनेल.

हे सगळं सांगतोय कारण लाइनआऊट म्हणाला, पगारी खेळाडू आहेत. हो, आहेत. पण फोली पगारासाठी तिथे होता असं लिमरिकमध्ये म्हणून बघ.

---

लाइनआऊट

डॉक्टर, फोलीचं नाव घेतल्यावर मी काय बोलणार. पण हे सगळं 2006-08 चं आहे. आज संघात परदेशी किती, बघा. प्रशिक्षक न्यूझीलंडचा. आर. जी. स्नायमन बहुतेक काळ जखमी राहिला, आपण थांबलो त्याच्यासाठी, आणि 2024 ला तो गेला थेट लेन्स्टरला! लेन्स्टरला! मग आम्ही निष्ठेच्या जुन्या प्रथा का पाळत बसायचं?

---

डब्लिनचा_गण्या

स्नायमनबद्दल आभारी आहोत :)

---

पाचमीटर

गण्या, परवानगी रद्द.

---

वांद्रे_ते_बेलफास्ट

मी अल्स्टरचा, पण स्नायमनवरून सगळ्या परदेशी खेळाडूंना एका मापाने मोजणं मला पटत नाही. मन्स्टरला बाहेरून आलेल्यांनीच किती दिलंय. जॉन लँगफर्ड, जिम विल्यम्स हे ऑस्ट्रेलियन, विल्यम्स तर कर्णधार होता. 2006 च्या फायनलमध्ये ट्राय टाकणारा ट्रेव्हर हॉलस्टेड दक्षिण आफ्रिकेचा. डग हाउलेट, न्यूझीलंडचा सर्वाधिक ट्राय टाकणारा माणूस, 49, इथे येऊन वर्षानुवर्षं खेळला. आणि सी. जे. स्टँडर. 2012 ला आला, आयर्लंडकडून खेळला, त्याने चेंडू हातात घेतला की टेरेस त्याच्या नावाने गर्जायचे.

2008 ला नव्या थॉमंड पार्कच्या उद्घाटनाला ऑल ब्लॅक्स आले, तेव्हा मन्स्टरच्या चार न्यूझीलंडवासीयांनी लाल जर्सी घालून त्यांच्यासमोर हाका (माओरींचं युद्धनृत्य) केला. हाउलेट, टिपोकी, माफी, मॅनिंग. त्या चौघांना परदेशी म्हणायची कुणाची छाती होती त्या रात्री? अगदी शेवटी ऑल ब्लॅक्सच्या रोकोकोच्या ट्रायने 18-16 ने हरलो, पण तो हाका लोक आजही दाखवतात.

---

शॅननकाठची

"हरलो"? बेलफास्टकर, तुम्ही अल्स्टरचे ना?

---

वांद्रे_ते_बेलफास्ट

त्या रात्रीपुरता मन्स्टरचा होतो. अख्खं आयर्लंड होतं.

---

जाई_लिमरिक

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलं इथल्याच शाळेत जातात, घर मॉयरॉसजवळ. त्या वस्तीबद्दल पूर्वी पेपरात फार वाईट यायचं. गुन्हेगारी, टोळ्या, जळलेली घरं. कीथ अर्ल्स तिथला. स्टेडियमपासून चालत अंतरावर वाढलेला मुलगा, आयर्लंडकडून शंभराहून अधिक सामने खेळला. त्याचे वडील जेर अर्ल्स यंग मन्स्टर क्लबाचे नावाजलेले खेळाडू. कीथने 2021 ला स्वतःच्या बायपोलर आजाराबद्दल उघडपणे सांगितलं, तेव्हा माझ्या मुलाच्या वर्गात त्यावर चर्चा झाली. दहा-अकरा वर्षांची मुलं मनाच्या आजाराबद्दल बोलत होती, कारण त्यांचा हिरो बोलला होता.

डब्लिनमध्ये रग्बी म्हणजे महागड्या खासगी शाळांचा खेळ असं म्हणतात. लिमरिकमध्ये तसं नाही. इथे गोदी कामगार आणि डॉक्टर एकाच स्क्रममध्ये डोकं घालत आले. म्हणून मला तिथे परकं वाटत नाही. साडी नेसून गेले होते एकदा गुढीपाडव्याच्या दिवशी, वर लाल मफलर. शेजारच्या बाईंनी विचारलं, आज कसला सण? सांगितलं. पुढच्या सामन्याला त्यांनी मला आठवणीने "हॅपी न्यू इयर" केलं.

---

मीरा_कोल्हापूर

जाईताई, हे वाचून फार बरं वाटलं. मी आल्यापासून घराबाहेर कमीच पडलेय.

---

जाई_लिमरिक

मीरा, व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.

---

डॉ_लालमफलर

लाइनआऊट, तू "2006-08 चं" म्हणालास म्हणून ऑक्टोबर 2016 आठवून देतो.

अँथनी फोली तेव्हा मुख्य प्रशिक्षक. रासिंगविरुद्धच्या सामन्यासाठी संघ पॅरिसला गेला होता. 16 तारखेला सकाळी हॉटेलच्या खोलीत तो गेला. वय 42. सामना रद्द झाला आणि मन्स्टरहून गेलेले लोक स्टेडियमच्या बाहेर जमून गात राहिले. दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

पुढच्या शनिवारी थॉमंड पार्कवर ग्लासगोविरुद्ध सामना. मी होतो. आठ नंबरची जर्सी त्या दिवशी कुणीच घातली नाही, ती फोलीची. स्टँडर आठव्या जागेवर खेळला, पाठीवर 24. अर्ल्सला लवकरच रेड कार्ड मिळालं, उरलेला जवळजवळ सगळा सामना 14 जण खेळले, आणि 38-17 ने जिंकले. इतका आवाज मी आयुष्यात कुठल्याच मैदानात ऐकला नाही. आणि त्या आवाजातही ग्लासगोचा किकर उभा राहिला की सगळं गप्प. त्या दिवशी कुणी नियम मोडला असता तर कोण रागावलं असतं? दुःखाने भरलेली माणसं होती. तरी कुणी मोडला नाही.

नोव्हेंबरमध्ये माओरी ऑल ब्लॅक्स, न्यूझीलंडचा माओरी खेळाडूंचा संघ, आले. हाकाआधी त्यांनी फोलीची आद्याक्षरं असलेली स्वतःची काळी जर्सी मैदानावर ठेवली आणि नंतर ती त्याच्या मुलांच्या हातात दिली. जग तुमचा मान असा ठेवतं कारण तुम्ही आधी जगाचा ठेवलेला असतो. मी तरी असंच मानतो.

---

लाइनआऊट

डॉक्टर, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. शिट्ट्यांचं समर्थन मी मागे घेत नाही, पण थॉमंडवर मी स्वतः घालणार नाही, एवढं लिहून देतो.

रिकाम्या खुर्च्यांचा मुद्दा मात्र राहतोच. लेन्स्टर आलं की मैदान भरतं, एरवी शुक्रवारी रात्री पावसात स्टँडच्या स्टँड ओस.

---

कॉर्ककर

त्याची कारणं आहेत. शुक्रवारी रात्रीचे सामने लहान मुलांच्या घरांना जमत नाहीत. कॉर्कहून लिमरिकला मोटरवे नाही, अंधारात पावसात परत यायचं म्हणजे जिवावर येतं. शिवाय सामने टीव्हीवर असतात.

आणि लोक येत नाहीत म्हणता, तर कॉर्कच्या पार्क इ क्वीवला बघा. गेलिक खेळांचं मैदान ते. 2022 ला दक्षिण आफ्रिका 'अ' विरुद्ध 41,000 वर माणसं आली आणि मन्स्टर 28-14 ने जिंकलं. 2024 ला न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सनाही तिथे हरवलं, 21-19. संघाला प्रेक्षक आहेत. ते दर आठवड्याला यायला परवडलं पाहिजे आणि पोचता आलं पाहिजे, हा खरा प्रश्न.

---

पाचमीटर

2023 कुणीच कसं काढलं नाही! त्या मे महिन्यात युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप जिंकून बारा वर्षांचा चषकांचा दुष्काळ संपला होता. बाद फेरीतले तिन्ही सामने घरापासून दूर. ग्लासगोला जाऊन जिंकले. मग डब्लिनच्या अवीवा स्टेडियमला लेन्स्टर, शेवटच्या मिनिटांत जॅक क्राउलीचा ड्रॉप गोल, 16-15. (गण्या, वाचतोयस ना?) मग केपटाउन, स्टॉर्मर्सच्या घरी, सामना संपत आला असताना जॉन हॉडनेटची ट्राय, 19-14. आमच्या घरात त्या रात्री पोह्यांचा बेत होता, कढईतले पोहे करपले आणि कुणाला पत्ता नाही.

क्राउली, हॉडनेट, क्रेग केसी, गेव्हिन कूम्स, सगळी मन्स्टरच्या मातीतली पोरं. लाइनआऊट, परदेशी मोजताना यांनाही मोज.

---

डब्लिनचा_गण्या

वाचतोय. ऑक्टोबर 2025 ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर तुम्ही 31-14 ने धुतलंत तेही आठवतंय, ते कुणी काढायच्या आत मीच काढतो. पण 2009 ची त्याच क्रोक पार्कवरची हायनेकेन कपची उपांत्य फेरी आठवा. 82,000 प्रेक्षक, लेन्स्टर 25-6. तिथून आमचा काळ सुरू झाला.

---

एनिसकाका

गण्या, तो सामना मी पाहिला होता आणि मनापासून सांगतो, तुम्ही त्या दिवशी सरस होतात.

मूळ प्रश्नाकडे येऊ. शॅननकाठची विचारते, थांबवायचं कुणी. स्टुअर्डना सांगून हे होणार नाही. स्टुअर्डने बाहेर काढलेला माणूस पुढच्या वेळी दुप्पट शिट्ट्या घालेल. मोठ्या पडद्यावर किकरचा आदर राखा अशी सूचना येते, तीही वाचणारेच वाचतात. पूर्वी हे कसं टिकलं, तर टेरेसवर मुलगा बापाच्या शेजारी उभा असायचा आणि बाप गप्प झाला की पोरगा गप्प व्हायचा. कुणी शिकवत नव्हतं. आता नव्या स्टँडमध्ये नवे लोक आहेत, कंपनीच्या तिकिटांवर आलेले, पहिल्यांदाच आलेले. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्यावर चिडू नका. ओळख करून घ्या, प्रथा सांगा, शक्यतो किक सुरू व्हायच्या आधी.

आपणही इथे बाहेरूनच आलो. आपल्याला कुणीतरी सांगितलंच होतं की.

---

शॅननकाठची

काका, पटलं. मला सांगणारी माझ्या ऑफिसातली एक केरीची मुलगी होती. पहिल्या सामन्याला मी पेनल्टीच्या वेळी मोठ्याने काहीतरी विचारत होते, तिने माझं मनगट धरलं आणि पोस्टकडे बोट दाखवलं. एवढंच.

मध्यांतरात मागच्या रांगेशी बोलून बघणार आहे. तरुण पोरं आहेत, वाईट नाहीत. ट्राय झाली की मलाही मिठ्या मारतात.

---

लाइनआऊट

त्यांना 2003 च्या ग्लॉस्टरचं सांग. माझ्यावर तरी त्याचाच परिणाम झाला.

---

जुना_फॉरवर्ड

एक विषयांतर. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात खेळाडूंची. मी भाच्याला घेऊन गेलो. ढोल-ताशांच्या तालावर ट्राय साजरी होत होती. कन्व्हर्जनच्या वेळी मात्र मी सवयीने गप्प, आणि भाचा विचारतोय, मामा, बरं वाटत नाही का? त्याला मन्स्टरचं सांगितलं. पुढच्या किकला तोही गप्प बसला. आजूबाजूला डीजे चालू होता तो चालूच राहिला, पण आमच्या दोन खुर्च्यांवर थॉमंड पार्क होतं.

---

कॉर्ककर

फॉरवर्डकाका, लिमरिकला याच एकदा. तिकीट माझ्याकडून.

---

मीरा_कोल्हापूर

जाईताईंशी बोलणं झालं. आम्ही दोघं आणि आमची चार वर्षांची मुलगी पहिला सामना बघायला जायचं ठरवतोय. कॉर्कला बघावा की थेट लिमरिकला? लहान मुलीला घेऊन बसायचं कुठे?

---

कॉर्ककर

मसग्रेव्ह पार्क! गाडी काढायला नको, बसने जाता येतं, आणि मैदान लहान असल्यामुळे मुलीला खेळाडू जवळून दिसतील. सामना संपल्यावर बरेचसे खेळाडू कडेला येऊन मुलांना सह्या देतात.

---

जाई_लिमरिक

कॉर्ककरांचं ऐक या वेळी. डिसेंबर-जानेवारीत युरोपचा एखादा सामना थॉमंडला असेल तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला ये. सकाळी किंग जॉन्स कॅसल बघू, मग थॉमंड ब्रिज ओलांडून चालत जाऊ, सगळं गाव त्याच रस्त्याने चाललेलं असतं. बसायला स्टँडची तिकिटं काढ, टेरेसवर उभं राहावं लागतं आणि लहान मुलांना पुढचं काही दिसत नाही. मुलीच्या कानांसाठी ते हेडफोनसारखे इअरमफ मिळतात, ते घे. रेनकोट तिघांनाही लागेल, छत्री आणू नकोस, मागच्यांचा सामना बुडतो.